वस्तुमानाचा काटा आणि लहरींचा हिशेब

काट्याची खरी परीक्षा तो केवढे ओझे पेलतो यात नसून केवढा लहान फरक दाखवितो यात असते. मोंढ्यातील वजनकाट्यावर कापसाची गाडी चढते, तेथे किलोभराचा फरक कळला तरी व्यवहार भागतो. सराफाचा काटा गुंजेचा फरक दाखविणारा लागतो. परंतु ज्या दोन पदार्थांच्या एकेका रेणूच्या वजनात जेमतेम दहा लाखांत एक भागाचा फरक आहे, त्यांना वेगळे ओळखणारा काटा असू शकतो काय? असू शकतो, आणि तो आहे. तो कसा चालतो आणि केवळ हिशेबाच्या कौशल्याने त्याची नजर अधिक तीक्ष्ण कशी करता येते, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

हा विषय एखाद्या प्राध्यापकाने मांडावयाचा; हमाल, मापाडी आणि जिनिंग-प्रेसिंगमधील कामगार यांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने तो का घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले, आणि वाचनालयातील कपाटांवर कोणते पुस्तक कोणी वाचावे असे लिहिलेले नसते. शिवाय तोलमापाशी आमचा रोजचा संबंध. काटा कोणाच्या ताब्यात आणि नोंदवही कोणाच्या ताब्यात, या दोन प्रश्नांवर कष्टकऱ्यांची निम्मी भांडणे झालेली आहेत. रेणूंच्या काट्यालाही हेच दोन प्रश्न लागू पडतात, असे आमच्या ध्यानात आले, म्हणून हा खटाटोप.

प्रश्न कोठे अडतो

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा वेळी डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न असतो की, अंगात गेलेले विष कोणते? सेंद्रिय फॉस्फरस वर्गाच्या विषावर अट्रोपीन हा उतारा उपयोगी पडतो. सर्वच विषांवर तो चालत नाही. पुढे भरपाईचा आणि जबाबदारीचा विषय निघतो, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. विष कोणते, हे ज्याला सिद्ध करता येत नाही त्याचे गाऱ्हाणे कचेरीच्या पायरीवरच अडते.

आता एक उदाहरण घेऊ. कपाशीवरील मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांसाठी ॲसिटामिप्रिड नावाचे कीटकनाशक फवारतात. त्याच्या रेणूला एक प्रोटॉन चिकटला म्हणजे तो विद्युत्भारित होतो. अशा भारित कणाला आयन म्हणतात. या आयनाचे वस्तुमान २२३.०७४५ डाल्टन भरते. (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचे माप, कार्बनच्या नेहमीच्या अणूचा बारावा भाग म्हणजे एक डाल्टन.) दुसरीकडे अल्डिकार्ब हे अत्यंत जहाल विष. भारतात त्यावर २००१ साली बंदी आली. जमिनीत किंवा झाडात त्याचे रूपांतर होऊन जे पदार्थ बनतात, त्यांपैकी एक अल्डिकार्ब सल्फोन होय. त्याच्या तशाच आयनाचे वस्तुमान २२३.०७४७ डाल्टन. एक परवानगीचे औषध, दुसरी बंदी घातलेल्या विषाची खूण. आणि दोहोंतील फरक ०.०००२ डाल्टनचा!

व्यवहारात तज्ज्ञ एकट्या वजनावर विसंबत नाहीत, हे आधीच सांगितले पाहिजे. ते मिश्रण एका बारीक नळीतून सोडून पदार्थ मागेपुढे करून घेतात. रेणू फोडून त्याचे तुकडे पाहतात. ॲसिटामिप्रिडमध्ये क्लोरीन असल्यामुळे त्याच्यासोबत दोन डाल्टनने जड असा एक तृतीयांश उंचीचा जोडीदार दिसतो. अल्डिकार्ब सल्फोनच्या बाबतीत तसा दिसत नाही. हे सर्व साक्षीदार आपापल्या जागी मोलाचे आहेत. परंतु काट्याची परीक्षा पाहावयाची तर ही जोडी उत्तम आहे, म्हणून पुढील सर्व हिशेब आम्ही तिच्यावरच करून दाखविणार आहोत.

वजने पूर्णांकात का नसतात

कोणी म्हणेल, दोघांचे वस्तुमान २२३ एवढे पूर्णांकात का नाही? अणूच्या गर्भातील कण एकमेकांना बांधले जाताना ऊर्जा बाहेर टाकतात आणि तेवढे वजन घटते. प्रत्येक मूलद्रव्याची ही घट निराळी असते. इंग्लंडमध्ये जे. जे. टॉमसन यांनी आणि नंतर त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी वस्तुमान मोजण्याची यंत्रे बनविली. ॲस्टन यांचे यंत्र १९१९ सालचे. १९२२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्णांकापासूनची ही बारीक घटवाढ त्यांनीच काळजीपूर्वक मोजली.

हवेतील नायट्रोजनच्या रेणूचे वस्तुमान २८.००६१, कोळशाच्या विषारी धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे २७.९९४९ आणि फळे पिकविणाऱ्या एथिलीनचे २८.०३१३. ढोबळ काट्यावर तिघेही २८. सूक्ष्म काट्यावर तिघे तीन. रेणूत कोणते अणू किती आहेत, याची साक्ष दशांशचिन्हाच्या उजवीकडे दडलेली असते. म्हणून तिकडचे जितके आकडे खात्रीने वाचता येतील तितके हवेत. जवळजवळच्या दोन वजनांना वेगळे दाखविण्याच्या या शक्तीला विभेदनक्षमता असे नाव आहे.

घाण्याभोवतीची फेरी

रेणू पारड्यात ठेवता येत नाही. मग तो तोलावयाचा कसा? जुन्या तेलघाण्याची आठवण ज्यांना असेल त्यांना हे लवकर समजेल. घाण्याला जुंपलेला बैल वर्तुळात फिरतो. हलका बैल चपळ, त्याच्या फेऱ्या अधिक. भारी बैल संथ, त्याच्या फेऱ्या कमी. बैलाकडे न पाहता केवळ त्याच्या गळ्यातील घंटेवरून मिनिटाला फेऱ्या किती हे मोजता येते, आणि त्यावरून तो केवढा असेल याचा अंदाज बांधता येतो. बैलाच्या बाबतीत तो अंदाजच. आयनाच्या बाबतीत मात्र तो पक्का नियम आहे. चुंबकीय क्षेत्रात सोडलेला आयन वर्तुळात फिरू लागतो, आणि दर सेकंदाच्या फेऱ्यांची संख्या चुंबकाच्या जोराच्या व विद्युत्भाराच्या सम प्रमाणात आणि वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. वर्तुळ लहान असो वा मोठे, फेऱ्यांची संख्या तीच राहते. ही या पद्धतीची मोठी सोय आहे, कारण संख्या मोजण्यात माणूस जितका अचूक होऊ शकतो तितका दुसरे काहीही मोजण्यात होत नाही.

सात टेस्ला जोराचा चुंबक घेतला, तर आपला २२३ डाल्टनचा आयन सेकंदाला सुमारे ४ लाख ८२ हजार फेऱ्या मारतो. वर्तुळाची त्रिज्या एक सेंटिमीटर धरली, तर एका सेकंदात तो तीस किलोमीटर चालतो. नायट्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांच्या फेऱ्यांत सेकंदाला सुमारे दीड हजारांचा फरक पडतो. ते सहज ओळखू येतात. परंतु आपल्या दोन विषांच्या फेऱ्यांत फरक पडतो तो सेकंदाला अर्ध्या फेरीपेक्षाही कमी, म्हणजे ०.४४ फेरीचा. चार लाख ब्याऐंशी हजारांत अर्धी फेरी! हा फरक पकडणे हेच खरे काम.

आयन धातूच्या पट्ट्यांजवळून फिरतात तेव्हा त्या पट्ट्यांत अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह येजा करू लागतो. तीच घंटा. फरक एवढाच की येथे एक घंटा वाजत नसते. शेकडो, कधी हजारो तऱ्हांचे आयन एकाच वेळी फिरत असतात आणि सर्वांच्या घंटांचा एकच कल्लोळ कानी पडतो. या कल्लोळातून प्रत्येक घंटा वेगळी काढण्याची विद्या जोसेफ फूरिये यांनी दिली. ते १७६८ साली फ्रान्समध्ये एका शिंप्याच्या घरी जन्मले आणि लहानपणीच पोरके झाले. १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या उष्णतेवरील ग्रंथात त्यांनी मांडले की, कितीही गुंतागुंतीची लहर अनेक साध्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते. कोणती साधी लहर किती प्रमाणात आहे, हे काढण्याच्या रीतीला फूरिये रूपांतर म्हणतात.

रीत होती, पण हिशेब प्रचंड होता. दहा लाख नोंदींच्या लहरीवर सरळ मार्गाने रूपांतर करावयाचे तर सुमारे एक लाख कोटी गुणाकार करावे लागतात. १९६५ साली कूली आणि टूकी या दोन अमेरिकन गणितज्ञांनी एक जलद रीत प्रसिद्ध केली. तिने हेच काम दोन कोटींच्या आसपास आणले. म्हणजे श्रम पन्नास हजारपट कमी झाले. पुढे १९७४ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे मेल्विन कॉमिसारो आणि ॲलन मार्शल यांनी फिरत्या आयनांच्या लहरीवर ही रीत लावून दाखविली. तोवर एकेका वस्तुमानाची पाळीपाळीने चौकशी करावी लागे. आता सर्वांची हजेरी एकदम लागू लागली. याच तत्त्वावर, पण चुंबकाशिवाय, चात्यासारख्या दांड्याभोवती आयन झुलविणारे ऑर्बिट्रॅप नावाचे यंत्र अलेक्झांडर मकारोव्ह यांनी विकसित केले, आणि २००५ साली ते बाजारात आले.

अधिक ऐकाल तर अधिक ओळखाल

तंबोऱ्याच्या दोन तारा जुळवीत असलेल्या माणसाकडे लक्ष द्या. तारा बऱ्याच बेसूर असतील तर क्षणात कळते. जवळजवळ जुळल्या की आवाजात सावकाश चढउतार ऐकू येतो, आणि जितके जुळणे पक्के तितका हा चढउतार संथ. अगदी थोडा फरक उरला असेल तर तो ओळखण्यासाठी कान लावून पुष्कळ वेळ थांबावे लागते. तार लवकर विझली तर फरक होता की नव्हता, हे सांगता येत नाही.

आमच्या काट्याचा मूळ कायदा हाच आहे. दोन फेऱ्यांतील फरक जितका लहान, तितका वेळ ऐकले पाहिजे. ०.४४ चा फरक असेल तर एकाने दुसऱ्यावर पूर्ण एक फेरी चढविण्यास सुमारे सव्वादोन सेकंद लागतात. नेहमीच्या पद्धतीने आलेख काढला तर शिखराची रुंदी दोघांतील अंतराएवढी होण्यास सुमारे पावणेतीन सेकंदांची अखंड लहर हवी.

पावणेतीन सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. परंतु तेवढ्या अवधीत आयन ऐंशी किलोमीटरांहून अधिक चालतो, आणि वाटेत त्याची हवेच्या एखाद्या रेणूशी टक्कर झाली की त्याची घंटा मंदावते. म्हणून यंत्रातील हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटींव्या भागाहूनही कमी ठेवावा लागतो. दुसरा उपाय मोठ्या चुंबकाचा. चुंबक तिप्पट जोराचा केला तर फेऱ्या तिप्पट होतात आणि फरकही तिप्पट होतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील टॅलाहासी येथील राष्ट्रीय चुंबक प्रयोगशाळेत २१ टेस्लाचा असा चुंबक बसविलेला आहे. परंतु असे चुंबक द्रवरूप हेलियममध्ये, शून्याखाली २६९ अंशांवर थंड ठेवावे लागतात. तो खर्च मोठ्या राष्ट्रांनाही जड जातो. मग ज्यांच्यापाशी तेवढा पैसा नाही त्यांनी काय करावे? येथे हिशेबाचे कौशल्य पुढे येते.

टाकून दिलेला रकाना

हिशेबाने काय साधते आणि काय साधत नाही, हे नीट पाहू. चार युक्त्या विशेष प्रचारात आहेत.

पहिली युक्ती शून्ये जोडण्याची. लहरीच्या नोंदी संपल्या की पुढे तेवढीच शून्ये लिहून मग रूपांतर करतात. त्यामुळे आलेखावरील बिंदू दाट होतात आणि शिखराचा माथा नेमका कोठे आहे हे नीट वाचता येते. एकदा शून्ये जोडण्याने नोंदीतच असलेली थोडी माहिती पदरात पडते. परंतु पुन्हा पुन्हा जोडत गेल्यास आलेख गुळगुळीत होण्यापलीकडे काही मिळत नाही. शून्यातून शून्यच निघते.

दुसरी युक्ती कडा मऊ करण्याची. लहर एकाएकी सुरू होऊन एकाएकी तुटली म्हणजे प्रत्येक शिखराच्या दोन्ही बाजूंस खोट्या लहान टेकड्या उमटतात. मोठ्या शिखराच्या अशा टेकडीखाली लहान खरे शिखर लपू शकते किंवा टेकडीलाच कोणी खरे शिखर समजू शकते. म्हणून नोंदीचा जोर टोकांकडे हळूहळू उतरता करतात. यासाठी वापरली जाणारी एक रीत हान या ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञाच्या नावाने, तर दुसरी हॅमिंग या अमेरिकन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. टेकड्या जातात, पण शिखर रुंद होते. एक गोष्ट घ्यावयाची तर दुसरी सोडावी लागते.

तिसरी युक्ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. फूरिये रूपांतर प्रत्येक लहरीबद्दल एक आकडा देत नाही, दोन देते. लहर किती मोठी आहे एवढेच ते सांगत नाही. ऐकण्यास सुरुवात झाली त्या क्षणी ती आपल्या फेरीच्या कोणत्या टप्प्यावर होती, हेही सांगते. या टप्प्याला कला म्हणतात. चंद्राच्या कला असतात, तशा लहरीच्याही असतात. अनेक वर्षे नेहमीची वहिवाट अशी होती की दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरजेचे वर्गमूळ काढावयाचे आणि मोठेपणा तेवढा ठेवावयाचा. कलेचा रकाना टाकून द्यावयाचा. त्यामुळे शिखराला रुंद पाय फुटतात.

असे का करीत? कारण कलांचा गोंधळ सोडविणे कठीण होते. आयनांना फिरावयास लावताना यंत्र एका वारंवारतेपासून दुसरीपर्यंत झपाट्याने सूर चढवीत जाते. ज्या आयनाचा सूर आधी येतो तो आधी निघतो, ज्याचा नंतर येतो तो नंतर. शिवाय हे संपल्यावर थोडा वेळ थांबून मग ऐकण्यास आरंभ होतो. तोवर कोणाच्या किती फेऱ्या झाल्या याचा मेळ राहत नाही. जिनिंगमध्ये प्रत्येक टोळी निराळ्या भोंग्याला कामावर आली आणि मुकादमाने सर्वांची हजेरी दुपारी एकदमच घेतली, तर कोण केव्हा आला हे हजेरीपटावरून कसे कळावे? परंतु भोंग्यांचे वेळापत्रक हाती असेल तर कळते. येथे ते वेळापत्रक यंत्रानेच ठरविलेले असते. त्यावरून प्रत्येक वारंवारतेची कला काढता येते आणि सर्व शिखरे एका मेळात आणता येतात. ही गोष्ट तत्त्वतः १९७४ पासून माहीत होती. संपूर्ण वर्णपटावर ती सफाईने करण्याच्या रीती २०१० च्या सुमारास प्रचारात आल्या.

फळ काय मिळाले? शिखरे दीडपट ते दुपटीने अरुंद झाली. न विझणारी लहर धरली तर आपल्या दोन विषांसाठी पावणेतीन सेकंदांऐवजी सुमारे १.४ सेकंद पुरतात. चुंबक तोच, पंप तोच, नमुना तोच. दुप्पट जोराचा चुंबक घेऊन जे मिळाले असते, ते टाकून दिलेला एक रकाना वाचल्याने मिळाले. सर्व कष्टकऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुष्कळदा पुरावा नसतो म्हणून आपण हरत नाही. जो पुरावा वहीत होता तो कोणी वाचला नाही म्हणून हरतो.

चौथी युक्ती आधीच्या ज्ञानाची. लहर ही ठराविक संख्येच्या, हळूहळू विझणाऱ्या साध्या लहरींची बेरीज आहे, असे गृहीत धरावयाचे आणि प्रत्येकीची वारंवारता, उंची व कला अशी शोधावयाची की बेरीज मूळ नोंदीशी जुळावी. या मार्गाने थोड्या वेळाच्या नोंदीतूनही जवळची शिखरे वेगळी काढता येतात. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. ‘येथे दोन आहेत’ असे आधीच सांगून ठेवले, तर गोंगाटाच्या नोंदीतून ही रीत दोन शोधून देईल, मग तेथे एकच का असेना. ज्ञात मिश्रणावर पडताळा घेतल्यावाचून आणि पुन्हा पुन्हा मोजणी केल्यावाचून अशा उत्तरावर विश्वास ठेवू नये.

शेजारच्या औंढ्याचे उदाहरण

गोंगाटातून लहर वेगळी काढण्याची ही विद्या आमच्या शेजारीही येऊन ठेपली आहे. हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत आमच्या परभणी जिल्ह्यातच होता. त्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारावयाची ठरले. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली. ती सेकंदाचा पाचवा भागच टिकली, आणि तिने आरशांना दिलेला हेलकावा प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढाही नव्हता. अपेक्षित लहरीचे नमुने आधी गणिताने तयार करून ते गोंगाटावर ठेवून पाहावयाचे, या रीतीवर पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी आधीपासून काम केले होते. आधीच्या ज्ञानाची चौथी युक्ती ती हीच, केवळ क्षेत्र निराळे. आणि तेथेही कसोटी तीच राहिली. हजारो किलोमीटरांच्या अंतरावरील दोन वेधशाळांत एकच लहर दिसली आणि मगच ती खरी मानली गेली.

मर्यादा आणि मागणी

हिशेबाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. शंभर मोजण्यांची सरासरी काढली तर गोंगाट दहा पटीने कमी होतो. शिखर मात्र अरुंद होत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, यंत्रात आयनांची गर्दी फार झाली तर अगदी जवळच्या वस्तुमानांचे दोन थवे एकमेकांच्या विद्युत्भाराने जखडले जाऊन एकाच गतीने फिरू लागतात. मग लहरीतच एक सूर असतो, आणि जगातील कोणतेही गणित त्यातून दोन काढू शकत नाही. नोंदीत जे आहे तेवढेच हिशेब बाहेर काढतो. नोंदीत नसलेले तो आणू लागला, तर तो हिशेब नव्हे, बनावट होय.

यावरून आमच्या दोन जुन्या प्रश्नांकडे येऊ. काटा कोणाच्या ताब्यात? असे यंत्र प्रत्येक तालुक्यात असणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये १९७६ पासून चालत आलेले उपकरण-केंद्र बाहेरच्या संस्थांचेही नमुने शुल्क घेऊन तपासते. तेथेच प्रथिनांच्या अभ्यासासाठी ऑर्बिट्रॅप जातीचे यंत्रही आहे. सार्वजनिक पैशाने उभारलेला काटा सार्वजनिक कामाला उपलब्ध असावा, ही वहिवाट चांगली आहे. ती वाढली पाहिजे.

दुसरा प्रश्न नोंदवहीचा, आणि तो अधिक महत्त्वाचा. पुष्कळ यंत्रांत मूळ लहर एकदा वाचून झाली की टाकून दिली जाते; उरतो तो तयार आलेख. म्हणजे बेरीज ठेवली आणि वही जाळली. उद्या अधिक चांगली रीत निघाली तरी त्या नमुन्याला तिचा उपयोग नाही. कलेचा रकाना ज्यांनी जपून ठेवला, त्यांनाच जुन्या मोजण्या नव्या रीतीने वाचता येतात. इतरांना येत नाहीत. आपल्या पावणेतीन सेकंदांच्या एका लहरीची नोंद सुमारे २८ लाख आकड्यांची, म्हणजे मोबाइलमधील दोनचार छायाचित्रांएवढी जागा खाते. दिवसभराच्या हजारो मोजण्यांना अर्थात जागा पुष्कळ लागेल, परंतु ज्या तपासणीवर एखाद्याचा उपचार, भरपाई वा पीक अवलंबून आहे, तिच्यासाठी एवढा खर्च परवडलाच पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्या अहवालावर माणसाचे भवितव्य ठरावयाचे आहे त्याबरोबर मूळ नोंद जपली जावी. ती कोणत्या रीतीने वाचली, कडा किती मऊ केल्या, कोणते गृहीत धरले, हे अहवालात लिहिले जावे. आणि ज्याचा नमुना त्याला ती नोंद मागता यावी. हजेरीपट पाहण्याचा हक्क कामगाराने मिळविला तो काही मालकाच्या बेरजेवर अविश्वास दाखविण्यासाठी नव्हे, बेरीज पुन्हा करून पाहता यावी यासाठी. शास्त्राचाही नियम हाच आहे.

आणि येथील तरुणांस एक सांगावेसे वाटते. २१ टेस्लाचा चुंबक सेलूत येणार नाही. परंतु फूरियेची रीत शिकण्यास चुंबक लागत नाही. एक साधा संगणक, थोडे त्रिकोणमितीचे ज्ञान आणि बैठक लागते. घंटेचा आवाज मोबाइलवर नोंदवा, त्याचे रूपांतर करा, नोंद निम्मी करून शिखर किती रुंद झाले ते पाहा, कला टाका आणि पुन्हा पाहा. या लेखात जे सांगितले ते सर्व त्या एका आवाजात तपासून घेता येईल. मोठे यंत्र विकत घेण्यास पैसा लागतो. त्याची नोंद त्याच्या मालकापेक्षाही बारकाईने वाचण्यास अभ्यास लागतो, आणि अभ्यासाला कोणाची परवानगी लागत नाही.